काळेवाडी ते श्रवणबेळगोळ : १९८१ चा एक प्रवास

पवनेच्या एका तीरावर पिंपरी आणि दुसऱ्या तीरावर काळेवाडी. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. त्यामागून चिंचवड, आकुर्डी, भोसरीकडे यंत्रांचे आणि वाहनांचे कारखाने आले, आणि त्यांतील कामगारांना राहायला खोल्या हव्या झाल्या. ज्या गावांच्या शेतांत त्या खोल्या उभ्या राहिल्या, त्यांपैकी काळेवाडी हे एक. १९८१ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका स्थापन व्हायला अजून वर्षभराचा अवकाश होता. ज्वारीची शेते आणि पत्र्याच्या चाळी काळेवाडीत एकमेकींना खेटून नांदत होत्या.

अशाच एका चाळीच्या तोंडाशी बार्शीकडून आलेल्या एका दिगंबर जैन कुटुंबाचे किराणा दुकान होते. घरातील वडीलधारे अण्णा, त्यांच्या पत्नी बाई, दोन मुलगे, दोन सुना, माहेरी आलेली एक आत्या आणि पाच नातवंडे असा संसार दुकानामागच्या तीन खोल्यांत होता. गिऱ्हाईक बहुतेक कारखान्यांतले. महिनाभर माल उधारीवर न्यायचा आणि पगार झाला की वही मिटवायची, असा शिरस्ता. त्यामुळे अण्णांचा महिना पहिल्या तारखेला नव्हे, तर सातव्या आणि दहाव्या तारखेला सुरू होत असे. या दोन तारखांना दुकान बंद ठेवणे म्हणजे महिन्याची कमाई नदीत सोडणे, असे ते म्हणत.

मुलांचा भूगोल मागच्या कोठीतल्या पोत्यांवर होता. हळदीच्या पोत्यावर सांगली, गुळाच्या ढेपेवर कोल्हापूर, मिरचीवर ब्याडगी, खोबऱ्याच्या गोणीवर तिपटूर. ही गावे कोठे आहेत हे कोणाला ठाऊक नव्हते, पण प्रत्येकाचा वास ठाऊक होता. धाकट्या नातवाची तर अशी समजूत होती की ब्याडगी हे गाव लाल रंगाचेच असणार.

त्या वर्षी सर्वत्र श्रवणबेळगोळचे नाव होते. गंगराजांचा सेनापती चामुंडराय याने इ. स. ९८१ मध्ये भगवान बाहुबलींच्या मूर्तीची प्रतिष्ठा केली, त्याला एक हजार वर्षे पूर्ण होत होती. २२ फेब्रुवारी १९८१ रोजी सहस्राब्दी महामस्तकाभिषेक झाला. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी हेलिकॉप्टरमधून मूर्तीवर पुष्पवृष्टी केली. देशभरातून लाखो श्रावक गेले. पिंपरी-चिंचवड भागातूनही बस भरून गेल्या. अण्णांचे कुटुंब मात्र गेले नाही.

बाईंच्या मनात हा अभिषेक १९६७ पासून होता. त्या वर्षीच्या मार्चमधील अभिषेकाला बार्शीहून शेजारपाजारचे लोक गेले, तेव्हा यांच्याकडे पैसे नव्हते. १९८१ साली पैसे होते, पण दुकानाच्या नव्या जागेचे बांधकाम अर्ध्यावर होते आणि कर्जाचा हप्ता फेब्रुवारीतच सुरू होत होता. अण्णांनी हिशेब मांडला आणि ‘या वेळी नको’ म्हणून सांगितले. हिशेब चूक होता असे आजही कोणी म्हणणार नाही. व्यापाऱ्याच्या घरात हप्ता चुकणे म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. बाई काही बोलल्या नाहीत. शेजारच्या बसला निरोप द्यायला त्या कोपऱ्यापर्यंत गेल्या, कोणाच्या तरी हाती श्रीफळ दिले आणि परत येऊन निवडायचे तांदूळ पुढ्यात घेऊन बसल्या. घरातल्या थोरल्या नातीला ती दुपार अजून आठवते, कारण त्या दिवशी तांदूळ दोनदा निवडले गेले.

मे महिन्यात मुलांना सुटी लागली. दहा तारखेची वसुली झाली आणि त्याच रात्री, कोणी विषय काढलेला नसताना, अण्णांनी जाहीर केले की परवा पहाटे निघायचे. नऊ दिवस दुकान बंद.

ओळखीच्या एका वाहतूकदाराकडून मॅटाडोर भाड्याने घेतली. ही गाडी आकुर्डीच्या बजाज टेम्पो कारखान्यात तयार होत असे, आणि त्या कारखान्यातले दोन-तीन फिटर दुकानाचे उधारीचे गिऱ्हाईक होते. त्यांपैकी एकाने आदल्या रात्री येऊन आपण होऊन गाडी तपासली. मागच्या बाकड्यांखाली गाद्या, स्टोव्ह, रॉकेलचा डबा, पाण्याच्या दोन कळशा, गाळण्याचे दुहेरी कापड आणि बाईंचा पत्र्याचा डबा. डब्यात दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची बिनलसणाची चटणी, मेतकूट आणि गूळपोळ्या. ड्रायव्हर वारकरी घरातला होता. आपली भाकरी आणि कांदा तो गाडीच्या मागे जाऊन खात असे. तिसऱ्या दिवशी त्याने कांदा आपणच बंद केला. बाईंनी सांगितले म्हणून नव्हे, चटणी संपेल या भीतीने, असे तो पुढे सांगे.

पहाटे चार वाजता पवना ओलांडून गाडी निघाली. कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी झुंजुमुंजु झाले. खंबाटकीचा घाट तेव्हा सगळा वळणांचाच होता. मालमोटारींच्या मागे मॅटाडोर रांगत चढली आणि दोन मुलांना उलट्या झाल्या. साताऱ्यापुढे मात्र रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुने वड होते. त्यांच्या फांद्या वर एकमेकींना मिळालेल्या, खाली मे महिन्यातही सावली. आज त्या रस्त्याने जाणाऱ्याला ते वड शोधावे लागतात.

बाईंना चौविहाराचा नियम होता. सूर्यास्तानंतर अन्न नाही आणि पाणीही नाही. त्यामुळे या प्रवासात मुक्काम गावांवरून ठरत नसे, सूर्यावरून ठरे. दुपार कलली की अण्णा खिडकीतून पश्चिमेकडे पाहू लागत आणि ड्रायव्हरला विचारत, ‘किती किलोमीटर?’ मुलांना हा खेळ वाटे. प्रौढपणी त्यांच्या ध्यानात आले की सायंकाळी रोज एकाच वेळी, एकाच ठिकाणी, सगळे घर एकत्र जेवले असे ते नऊच दिवस. एरवी अण्णा आणि काका दुकानात, आणि ताटे दोन-तीन पंगतींत विभागलेली.

पहिला मुक्काम कुंभोज-बाहुबलीला. तेथील अठ्ठावीस फुटांची शुभ्र संगमरवरी मूर्ती १९६३ साली प्रतिष्ठित झाली आहे. पायथ्याशी प. पू. समंतभद्र महाराजांनी १९३४ साली सुरू केलेले गुरुकुल. महाराज तेव्हा नव्वदीला टेकलेले होते आणि तेथेच होते. मुलांना दर्शन झाले, पण त्यांच्या स्मरणात राहिली ती गुरुकुलातल्या मुलांची पहाटेची रांग, आपल्याच वयाची मुले घरापासून दूर इतकी शिस्तीत कशी राहतात याचे आश्चर्य.

दुसऱ्या दिवशी निपाणी मागे टाकल्यावर हमरस्त्यालगतच स्तवनिधी क्षेत्र लागते. तेथे पार्श्वनाथ भगवंतांचे दर्शन घेऊन सगळे बेळगावला पोचले. किल्ल्यातील कमल बसदी इ. स. १२०४ च्या सुमाराची, रट्ट राजवटीतील. गाभाऱ्यात नेमिनाथ आणि मंडपाच्या छतातून खाली लोंबणारे दगडी कमळ. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने दारावर जवान होते. धाकट्याने देवापेक्षा त्यांच्या बंदुका अधिक निरखून पाहिल्या, हेही खरे.

तिसऱ्या दिवशी धारवाड, हुबळी, हावेरी. आता पाट्यांवरची अक्षरे कोणाला वाचता येईनात. अण्णांचा हट्ट होता की ब्याडगीचा बाजार पाहायचा. वीस वर्षे ज्या गावची मिरची विकली, ते गाव पाहिल्याशिवाय पुढे जाणे त्यांना अव्यापारी वाटत असावे. हमरस्ता सोडून गाडी आत वळली. हंगाम सरत आला होता, तरी बाजारात सुरकुतलेल्या गडद मिरचीचे ढीग होते. ही मिरची रंगाला भरपूर आणि तिखटाला बेताची, म्हणून मसाल्यात तिला मान. एका आडत्याने अण्णांना ओळखीशिवाय गादीवर बसवले, दर सांगितला, आणि भाषा येत नसताना दोघांचे अर्धा तास बोलणे झाले. बोटांच्या खुणा आणि आकडे एवढ्यावर व्यापाऱ्यांचे भागते. मुले शिंकून शिंकून बेजार झाली. गाव लाल नव्हते, पण जमीन मात्र बरीचशी लाल होती, हे धाकट्याने समाधानाने मान्य केले.

या अर्ध्या तासाने घोटाळा केला. मोटेबेन्नूरजवळ हमरस्त्याला लागताच मागचे चाक बसले. ड्रायव्हरने जॅक लावला तेव्हा सूर्य मावळायला जेमतेम अर्धा तास होता. त्यात कळशीतले पाणी संपले होते. दुपारी शिंकणाऱ्या मुलांची तोंडे त्याच पाण्याने धुतली होती.

रस्त्यापासून थोड्या अंतरावर एक घर आणि विहीर दिसली. बाई, आत्या आणि थोरली नात कळशी घेऊन गेल्या. घरातल्या बाईला मराठी येत नव्हते, यांना कन्नड येत नव्हते. कळशी दाखवताच तिने दोर सोडला. बाईंनी पाणी दुहेरी कापडातून गाळले, कापड उलटे करून थोड्या गाळलेल्या पाण्याने विसळले आणि ते पाणी पोहऱ्यात घेऊन जपून परत विहिरीत सोडले. ही जिवाणी टाकण्याची रीत आपल्या घरांना नवी नाही. त्या शेतकरणीला मात्र ती नवी होती. आपले पाणी घाण समजून परत टाकले की काय, अशी शंका क्षणभर तिच्या चेहऱ्यावर उमटली. बाईंच्या ते लक्षात आले. त्यांनी कापडाकडे बोट केले, मग दोन बोटे चालवून किड्यामुंगीची खूण केली, आणि मग विहिरीकडे हात करून ‘घर’ एवढाच शब्द उच्चारला. ती बाई हसली. आत जाऊन तिने केळ्यांची अख्खी फणी आणून दिली. पैसे पुढे केले तेव्हा हात मागे घेतला.

मॅटाडोरच्या आडोशाला सगळे जेवले. सूर्याचा शेवटचा तांबडा काठ शिल्लक असताना बाईंनी पाणी प्यायले आणि चूळ भरून हात जोडले. प्रवासाची वही आजही त्या घरात आहे. डिझेल, धर्मशाळा, दान, भाजी अशा नोंदी अण्णांच्या ठसठशीत अक्षरांत आहेत. त्या दिवसाखाली लिहिले आहे: ‘मोटेबेन्नूर. पाणी एक कळशी, केळी. पैसे घेतले नाहीत.’ जिथे रक्कम नाही तिथेही नोंद हवी, ही जुन्या व्यापाऱ्यांची शिस्त बँकांनाही शिकण्यासारखी होती.

दावणगिरीला पोचायला रात्र झाली. चौथ्या दिवशी चित्रदुर्गाचा किल्ला खिडकीतूनच पाहिला. हिरियूरनंतर मोठा रस्ता सोडला आणि नारळाच्या बागा सुरू झाल्या. तिपटूर आले तेव्हा मुलांनी एकच गिल्ला केला, कारण कोठीतला खोबऱ्याचा वास अख्ख्या गावाला येत होता. चन्नरायपट्टणच्या पुढे मोकळ्या माळावर दोन काळसर टेकड्या दिसू लागल्या आणि त्यांतील मोठीच्या माथ्यावर मस्तक. कोणाला आधी दिसले यावर त्या पाच भावंडांत आजही एकमत नाही.

विंध्यगिरीला एकाच अखंड ग्रॅनाइटमध्ये कोरलेल्या सहाशेहून अधिक पायऱ्या आहेत आणि त्या अनवाणी चढायच्या. मे महिन्यात नऊनंतर त्या दगडावर पाय ठेववत नाही. बाईंचे गुडघे तेव्हाच धरलेले होते. खाली डोलीवाले होते. अण्णांनी डोली ठरवली, पण बाई बसल्या नाहीत. ‘दुसऱ्याच्या खांद्यावरून देवापर्यंत जायचे नाही,’ एवढेच म्हणाल्या. दर्शनापर्यंत पाणीही न घेण्याचा त्यांचा संकल्प होता. मोटेबेन्नूरला अर्धा तास उशीर झाला असता तर काय झाले असते याचा विचार अण्णा त्या पहाटे करत असावेत, कारण साडेचार वाजता हातात कंदील घेऊन तेच सर्वांत पुढे होते.

बाई वीस पायऱ्या चढत आणि बसत. प्रत्येक पायरीला णमोकार मंत्र. मुले पुढे पळत, परत येत, पुन्हा पळत. खाली गावातले कल्याणी सरोवर हळूहळू उजळू लागले आणि समोरची चंद्रगिरी दिसू लागली, जेथे आचार्य भद्रबाहू आणि चंद्रगुप्त मौर्य यांनी देह ठेवल्याची परंपरा आहे. अखंड बागिलू या एकाच शिळेतून कोरलेल्या दारापाशी बाई बराच वेळ टेकल्या. थोरल्या नातवाच्या आठवणीप्रमाणे चढायला दीड तास लागला. थोरली नात साडेतीन तास सांगते. सूर्य बराच वर आला होता एवढे नक्की.

प्राकाराच्या दारातून आत गेले की सुमारे सत्तावन्न फुटांची ती मूर्ती एकदम समोर येते. अभिषेकाचा मंडप, मचाणे, ध्वज यांपैकी काही तेथे नव्हते. दूध, हळद, चंदनाच्या धारा ओघळून तीन महिने होऊन गेले होते. मूठभर यात्रेकरू, कबुतरे आणि वारा. बाईंनी काळेवाडीहून आणलेला तांब्याचा लहान गडू पुढे केला. त्यात खालच्या गावातून घेतलेले पावशेर दूध होते. पुजाऱ्यांनी ते चरणांवर घातले. भगवंतांच्या पायाच्या बोटांवरून ते क्षणात ओघळून गेले.

तेथेच मुलांना आणखी एक गोष्ट दाखवली गेली. चरणांजवळ वारूळ कोरलेल्या शिळेवर नागरी लिपीत मराठी ओळी आहेत: ‘श्री चावुंडराजें करवियलें’ आणि ‘श्री गंगराजें सुत्ताले करवियलें’. पहिली मूर्ती करविणाऱ्याची, दुसरी बाराव्या शतकात भोवतीचा प्राकार बांधविणाऱ्या गंगराजाची. मराठीतला हा सर्वांत जुना लेख असे शाळेच्या पुस्तकांत पिढ्यान् पिढ्या शिकवले गेले. अक्षरांच्या वळणावरून काही अभ्यासक दोन्ही ओळी बाराव्या शतकातल्या मानतात आणि मान कोकणातल्या अक्षीच्या शिलालेखाला देतात. तो वाद विद्वानांचा. तीन दिवस एकही पाटी न वाचता आलेल्या मुलांना मात्र त्या परमुलखात, देवाच्या पायाशी, ‘श्री’ हे अक्षर लागले आणि त्यांनी ते मोठ्याने वाचले.

बाहेर पडताना दारासमोर एका वृद्धेची लहान मूर्ती दिसली. हातात वाटीसारखे काही. बाईंनी विचारले, ही कोण? पुजाऱ्यांनी हिंदी-कन्नडात सांगितले आणि आत्याने उलगडून सांगितले. ही गुळ्ळकायज्जी. चामुंडरायाने पहिला अभिषेक मांडला तेव्हा घडेच्या घडे दूध ओतूनही धार मूर्तीच्या मांड्यांखाली उतरेना. मग एक गरीब म्हातारी गुळ्ळ नावाच्या रानफळाच्या करवंटीत थोडे दूध घेऊन आली. लोक हसले. तिने ते दूध घातले आणि संपूर्ण मूर्ती न्हाऊन खाली टेकडीवरून ओघ वाहिला. ती कूष्मांडिनी देवी होती, सेनापतीचा अहंकार उतरविण्यासाठी आलेली, असे कथा सांगते.

बाईंनी गोष्ट ऐकली, मूर्तीच्या पायाला हात लावला आणि म्हणाल्या, ‘तिला तरी वेळेवर पोचता आले.’

स्वरात राग नव्हता. एखादा भाव सांगावा तसे त्या बोलल्या आणि सुनेचा हात धरून उतरू लागल्या. अण्णा मात्र तिथेच कठड्याला टेकून राहिले. ऊन चढले, दगड तापला, मुले बोलवायला आली तरी ते लगेच उठले नाहीत. वहीत त्या तारखेचे पान कोरे आहे. पेट्रोमॅक्सचे भाडे आणि खिळ्यांची पुडीही लिहून ठेवणाऱ्या माणसाचे नऊ दिवसांतले ते एकच कोरे पान.

परतीचा प्रवास हळेबीडच्या बसदी पाहून, फारसा कोठे न रेंगाळता झाला. एकविसाव्या तारखेला दुकान उघडले.

पुढचा महामस्तकाभिषेक १९ डिसेंबर १९९३ रोजी झाला. त्यापूर्वी पाच वर्षे बाईंचे निधन झाले होते. पंचाहत्तरीच्या अण्णांनी दहा तारखेची वसुली मुलांवर सोडली आणि आठवडाभर आधीच दोघा नातवंडांना घेऊन ते निघाले. बाईंच्या नावाने त्यांनी कलश घेतला. वहीत नाव आहे, आकडा नाही. परतल्यावर कोणी विचारले की अभिषेक कसा झाला, तर ‘गर्दी फार होती’ एवढेच सांगत.

आता काळेवाडीत शेत उरलेले नाही. जुन्या दुकानाच्या जागी चार मजली इमारत आहे, दोघे भाऊ विभक्त झाले आणि पाच नातवंडांपैकी कोणी वाकडला, कोणी चाकणच्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या धंद्यात. २०१८ च्या फेब्रुवारीतील अभिषेकाला त्यांतले तिघे आपापली मुले घेऊन एकाच गाडीने गेले. रुंद रस्त्याने दावणगिरी एका दिवसात गाठायची असे ठरले होते. हावेरी ओलांडल्यावर थोरल्या नातीने मोटेबेन्नूरजवळ थांबायला सांगितले. हमरस्ता रुंद झाला होता, दोन्ही बाजूंना कुंपण, ढाबे, टायरची दुकाने. ते घर आणि ती विहीर कोणत्या अंगाला होती यावर भावंडांत वाद झाला. पलीकडच्या सेवा रस्त्याने त्यांनी दोन फेऱ्याही मारल्या. विहीर सापडली नाही.

गाडीत बाटलीबंद पाणी होते. सूर्य मावळायला अजून अवकाश होता. कडेच्या एका टपरीमागे सतरंजी पसरून धाकट्याच्या पत्नीने दशम्यांचा डबा उघडला, आणि मुलांना, फोन बाजूला ठेवा, आधी जेवून घ्या, म्हणून हाक मारली.